पुणे मेट्रोचा रिव्ह्यू, एका ॲक्टिव्हावालीकडून

आधी रेटिंग सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढं सगळं वाचायचा कंटाळा आहे ते मोकळे. ट्रेनला पाचपैकी साडेचार. स्टेशनांना चार. आणि घर ते स्टेशन ह्या मधल्या तुकड्याला दीड, तोही आज मूड बरा आहे म्हणून. आता हा तिसरा आकडा मेट्रोच्या रिव्ह्यूत कशाला असं कोणी म्हणेल, पण माणूस काय प्लॅटफॉर्मवर राहत नाही, घरातून निघतो आणि ऑफिसच्या खुर्चीत पोचतो, मला तो सगळाच प्रवास मोजायचाय.

मी कर्वेनगरला आतल्या बाजूला राहते, ऑफिस कल्याणीनगरला. ज्यांना पुणं माहितीये त्यांना एवढ्यावरच कळलं असेल. वर्षानुवर्षं हे अंतर ॲक्टिव्हावर केलंय, तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट, हातात ते लांब सनकोट-ग्लोव्ह्ज, उन्हाळ्यात सिग्नलला उभं राहिलं की पुढच्या बसचा गरम धूर थेट चेहऱ्यावर. ट्रॅफिकची कंप्लेंट सगळेच करतात पण आता तर त्याला जागतिक सर्टिफिकेटही आहे. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या ट्रॅफिक इंडेक्समध्ये पुणे जगात चौथ्या नंबरचं स्लो शहर होतं, १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. आणि हे सरासरी बरं का, म्हणजे ह्यात पहाटेचे रिकामे रस्ते पण आले, संध्याकाळी साडेसहाला पाऊस पडत असताना काय होतं ते वेगळंच.

मेट्रो ६ मार्च २०२२ ला चालू झाली तेव्हा आमच्या बाजूला फक्त वनाझ ते गरवारे कॉलेज होती, पाच स्टेशनं. तेव्हा ती प्रवासाची गोष्ट नव्हतीच, लोक नातवंडांना घेऊन फिरायला यायचे, एक चक्कर मारून परत, खाली उतरून भेळ. आम्ही पण गेलो होतो, सासूबाईंनी नवी साडी नेसली होती. मग १ ऑगस्ट २०२३ ला रुबी हॉलपर्यंत गेली, ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत, येरवडा स्टेशन त्यानंतर काही महिन्यांनी उघडलं, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला दुसऱ्या लाइनवर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा अंडरग्राउंड तुकडा. तिथून पुढे हे खरंच उपयोगाचं झालं. त्याआधीचे सगळे रिव्ह्यू वाचायची गरज नाही, ते वेगळ्याच गोष्टीचे आहेत.

आता ट्रेनबद्दल. तीन डब्यांची आहे, त्यात एक बायकांसाठी, एसी व्यवस्थित, गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांना एक येते. वनाझ ते रामवाडी ही पूर्ण लाइन साधारण पावणेसोळा किलोमीटरची आहे आणि टोकापासून टोकापर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं धरा. हाच आकडा बघून आमच्या घरात वाद झाला. नवरा म्हणे, "चाळीस मिनिटं? मी रात्री दहाला कारने पंचवीस मिनिटांत जातो." अरे बाबा, रात्री दहाला ऑफिस कोण भरवतं? मुद्दा वेगाचा नाहीच आहे. ॲक्टिव्हावर मला कधी पन्नास मिनिटं लागायची, कधी दीड तास, आणि त्यामुळे मी रोजच दीड तास हातात ठेवून निघायचे. मेट्रोला सोमवारी जेवढी मिनिटं लागतात तेवढीच शुक्रवारी संध्याकाळी लागतात, कोणाची मिरवणूक असो, कोणी व्हीआयपी येवो, विद्यापीठ चौकात काहीही होवो. नऊ पन्नासला पोचते म्हटलं की नऊ पन्नासला पोचते. पुण्यात असं बोलता येणं ही चैन आहे.

सकाळी नळ स्टॉपला बायकांच्या डब्यात चढलात तर एक गंमत दिसेल. निम्म्या जणींच्या हातात हेल्मेट. मांडीवर हेल्मेट, हेल्मेटमध्ये स्कार्फ कोंबलेला, त्यावर डबा. एखादी उभ्या उभ्या स्कार्फ सोडतेय, तो पुण्याचा स्पेशल स्कार्फ, डोळे सोडून सगळं झाकणारा, तो सोडला की आतून एकदम ओळखीचा चेहरा बाहेर येतो, "अगं तू होय!" मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधलीच एक अशी सापडली, वर्षभर रोज समोर बसत असणार. पण ती हेल्मेटं नीट बघा, कारण पुणे मेट्रोचं सगळं म्हणणं त्या हेल्मेटमध्ये आहे. ह्या बायकांनी गाडी सोडलेली नाहीये. त्यांनी गाडीचा प्रवास बारा किलोमीटरवरून दोन-अडीचवर आणलाय. आणि माझं असं स्पष्ट मत झालंय की पुण्याच्या ट्रॅफिकचं भविष्य वगैरे जे काय आहे ते ह्यातच आहे, लोकांना टू-व्हीलर सोडायला लावण्यात नाही. ती सुटणार नाही. ज्या शहरात पेपर, दूध, क्लास, लग्न, हॉस्पिटल सगळं गाडीवर होतं तिथं "सार्वजनिक वाहतूक वापरा" असे बोर्ड लावून काय होतंय.

हिशोबच बघा ना. पेट्रोल एकशेचार-पाच रुपये लिटर, ॲक्टिव्हा शहरात चाळीस-पंचेचाळीसचं ॲव्हरेज देते, म्हणजे पंधरा किलोमीटरला पस्तीस ते चाळीस रुपये. मेट्रोचं सगळ्यात महाग तिकीट ३५ रुपये, कमीत कमी १०. म्हणजे इथं बरोबरी. आता घरापासून स्टेशन अडीच किलोमीटर. रिक्षाचं मीटर सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७, म्हणजे ४२ रुपये. मेट्रोच्या सगळ्यात महाग तिकिटापेक्षा स्टेशनपर्यंतची रिक्षा महाग! आणि हे मीटरने आला तर. शहर पार करायला पस्तीस आणि शहर पार करायच्या जागी पोचायला बेचाळीस, हे गणित कुठल्याही मध्यमवर्गीय डोक्यात बसत नाही, मग तो गाडीला किक मारतो आणि थेटच जातो, त्याला दोष कसा देणार.

रिक्षाचं निघालंच आहे तर, एका ॲपवर बुक केली होती. नाव घेत नाही, सगळी सारखीच. फोन आला.

"कुठं जायचंय ताई?"

"नळ स्टॉप मेट्रो. ॲपमध्ये आहे ना."

"एवढंच? कॅश का ऑनलाइन?"

"ऑनलाइन."

"कॅन्सल करा तुम्हीच."

मी म्हटलं तुम्ही करा, तर म्हणे माझ्याकडून केलं की मला पेनल्टी पडते. दोघांनीही कॅन्सल केलं नाही. नकाशावर ती छोटी पिवळी रिक्षा एकाच जागी उभी राहिली, मी गेटपाशी उभी, शेवटी मीच केलं, कारण ट्रेन चुकत होती. ह्याला स्मार्ट मोबिलिटी म्हणतात.

बस हा खरं तर सगळ्यात चांगला उपाय आहे. पीएमपीचं तिकीट १ जून २०२५ पासून पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये झालंय, स्टेशनपर्यंतच्या कामाला ते बेस्ट आहे, आणि ॲपवर बस कुठं आहे ते लाइव्ह दिसतं, तिकीटही त्यातच निघतं, हे मनापासून आवडलं. पण फीडर बसचं, म्हणजे घराजवळून स्टेशनला सोडणाऱ्या बसचं, लॉजिक वेगळं असतं हे कोणीतरी समजून घ्यायला हवं. लांबच्या बससाठी माणूस पंधरा-वीस मिनिटं थांबतो. सात मिनिटांच्या प्रवासासाठी कोणीच वीस मिनिटं थांबत नाही, तेवढ्यात तो चालत जाईल नाहीतर शेजाऱ्याच्या मागे बसेल. त्यामुळे ह्या छोट्या रूटवर मोठ्या बसपेक्षा छोट्या गाड्या पाच-पाच मिनिटांनी सोडल्या पाहिजेत. पुण्यात मध्यवस्तीत दहा रुपयांत दिवसभर फिरा अशी पुण्यदशमची छोटी बस २०२१ ला आली होतीच की, म्हणजे कल्पना कोणाला सुचली नाही असं नाही.

आणि पार्किंग. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तर पुढचं सोडा. काही स्टेशनांना पे-अँड-पार्क आहे, काहींना नाही, आणि जिथं नाही तिथं लोक काय करतात? खांबांच्या मधे, फुटपाथवर, शेजारच्या गल्लीत, कुठल्यातरी सोसायटीच्या गेटसमोर "इथे गाड्या लावू नयेत, हवा सोडली जाईल" ह्या पाटीच्या बरोबर खाली. मग सोसायटीवाले चिडतात, मग टोइंगवाले येतात. एका स्टेशनबाहेर माझीही गाडी उचलली गेली, संध्याकाळी हापिसातून दमून आले तर गाडीच्या जागी खडूने लिहिलेलं. त्या दिवशी दंड धरून माझा मेट्रोचा प्रवास विमानाच्या रेटने पडला. आता तज्ज्ञ लोक म्हणतात स्टेशनला पार्किंग देऊ नये, त्यामुळे खासगी गाड्यांना उत्तेजन मिळतं. परदेशातल्या कारसाठी ते बरोबर असेल. पण एका कारच्या जागेत पाच-सहा टू-व्हीलर आरामात बसतात, आणि त्या पाच-सहा गाड्या कर्वे रोडवरून डेक्कन, डेक्कनवरून पुणे स्टेशन, तिथून नगर रोड अशा जाणार नाहीत, त्या नळ स्टॉपला थांबतील. हे उत्तेजन असेल तर असू दे. रोजचे पाच रुपये घ्या, महिन्याचा पास मेट्रोच्या कार्डातच जोडा, वर पत्रा टाका म्हणजे सीट तापणार नाही, बास. ह्याला ना कन्सल्टंट लागतो ना ॲप.

स्मार्टवरून आठवलं. पुण्याने स्मार्ट काय काय करून बघितलं नाही! बीआरटी, म्हणजे बसला रस्त्यात वेगळी लेन, देशात पहिल्यांदा आपण आणली, २००६ ला, स्वारगेट-कात्रज-हडपसर. नगर रोडवरचा तिचा काही भाग नंतर उखडून टाकला. २०१७-१८ ला सायकली आल्या, पिवळ्या, केशरी, ॲपवर कुलूप उघडायचं, औंधला आणि विद्यापीठात झोकात चालू होत्या, मग त्या नदीपात्रात आणि झाडांवर सापडायला लागल्या आणि कंपन्याही गेल्या. मग ते ॲडाप्टिव्ह सिग्नल. कॅमेरा गाड्या मोजतो आणि ज्या बाजूला रांग जास्त त्या बाजूला हिरवा जास्त वेळ. कल्पना चांगलीच आहे, आणि दुपारी एक रस्ता भरलेला, दुसरा रिकामा असं असेल तेव्हा चालतेही. पण संध्याकाळी चारी बाजूंना सारखीच रांग असते. आमटी कमी आणि पंगत मोठी असली की वाढपी कितीही हुशार असू दे, कोणाच्यातरी पानात कमी पडणारच. एका बाजूचे दहा सेकंद वाढवायचे म्हणजे दुसऱ्या बाजूचे काढायचे, नवीन सेकंद कुठून आणणार. शेवटी चौकातला मामा पेटीजवळ जाऊन हाताने सिग्नल चालवतो, आणि खरं सांगू का, संध्याकाळी सातला मला तो मामाच जास्त स्मार्ट वाटतो.

फ्लायओव्हरचीही तीच कथा. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ ला पाडला, टीव्हीवर लाइव्ह, अख्ख्या कोथरूडने बघितलं, आणि ऑगस्ट २०२३ ला नवीन सगळं जाळं उघडलं. चौक मोकळा झाला हे खरं आहे, नाकारत नाही. पण चौक मोकळा झाला म्हणून जे आधी त्या बाजूला जायला घाबरायचे ते आता जातात, आणि रांग पुढच्या सिग्नलला जाऊन उभी राहते. नळ स्टॉपला तर आपण खाली रस्ता, वर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो असं तीन मजली करून ठेवलंय. ट्रेनच्या खिडकीतून खाली बघा कधी संध्याकाळी. खालचे दोन्ही मजले फुल्ल.

म्हणून कोणी विचारलं की मेट्रो आल्याने ट्रॅफिक कमी झालं का, तर मी सरळ नाही म्हणते. मी रस्त्यावरून बाजूला झाले तर माझी जागा दुसऱ्या कोणीतरी घेतली, नवीन गाड्यांचं पासिंग काय थांबलेलं नाही. मेट्रोने रस्ता रिकामा होत नाही. मेट्रोमुळे एवढंच होतं की रस्त्यावर अडकायचं का नाही हा चॉइस मिळतो. आधी तो नव्हता. त्यामुळे "एवढे कोटी घातले आणि कर्वे रोड तसाच" असं म्हणणाऱ्या काकांना मी सांगते, काका, तुम्ही वर या ना.

स्टेशनांबद्दल थोडं. डेक्कन आणि संभाजी उद्यान ही दोन मुठेच्या काठाला, पात्रातच म्हणा, पगडीच्या आकाराचं छप्पर आहे, बाहेरून फोटो चांगले येतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली, आणि ते ट्रेनमधून वरून दिसतं, त्या दिवशी अख्खा डबा एका बाजूच्या काचेला. जेएम रोडला, म्हणजे जंगली महाराज रस्त्याला, उतरलात तर चालायला खरंच छान आहे कारण तिथला फुटपाथ रुंद केलेला आहे, बसायला बाकं, झाडं. हा एक रस्ता जमला तर बाकीचे का नाही असं दर वेळी वाटतं. कल्याणीनगरला मेट्रो नगर रोड सोडून आत वळते ते आगाखान पॅलेसमुळे, संरक्षित वास्तू आहे त्यामुळे समोरून नेता आली नाही, मला ते वळण फायद्याचं पडलं कारण ऑफिस तिथून चालत जाण्यासारखं आहे. चालत म्हणजे फुटपाथवरून, मग रस्त्यावरून, मग एका जनरेटरला वळसा घालून, मग परत फुटपाथवरून.

जिल्हा न्यायालय हे बदलायचं स्टेशन, तिथं दोन लाइन मिळतात, वरची वनाझ-रामवाडी आणि खालची पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट. हे ३३ मीटर खोल आहे, शंभर फुटांच्या वर, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांत येतं, आणि एवढं खोल असून वरून ऊन आत येतं अशी रचना केलीये. पहिल्यांदा बघून मान दुखते. पण गुडघेदुखीवाल्यांना आधीच सांगते, सरकत्या जिन्यांची एक मालिकाच आहे, लिफ्ट शोधा, आणि बदलायला पाच-सात मिनिटं जास्तीची धरा. सासूबाई आता ह्या मार्गाने मंडईला एकट्या जातात, मला विचारतही नाहीत. मंडई स्टेशनला वर आलं की समोर बाजार, तुळशीबागेत जायला पार्किंग शोधणं हा जो आयुष्यभराचा छळ होता तो संपला. गणपतीत तर बोलायलाच नको, २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो रात्रभर चालू होती आणि मंडई-कसबा पेठ स्टेशनांत मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी पोलिसांच्या लाइनमध्ये लोक शांतपणे वर-खाली करत होते, पुणेकर आणि रांग हे इतक्या प्रेमाने मी कधी बघितलं नव्हतं.

तिकिटाची सिस्टिम सोपी आहे. व्हॉट्सॲपवर निघतं, ॲपवर निघतं, मशीनवर निघतं, कार्ड आहे. ज्यांना स्मार्टफोन जमत नाही त्यांना खिडकी आहे आणि तिथली मुलं-मुली मराठीत नीट बोलतात, हे मुद्दाम लिहितेय. बॅग स्कॅनिंगला सकाळी नऊला रांग लागते तेवढी दोन मिनिटं धरा.

पुढचं जे येतंय त्यात केंद्राने जून २०२५ ला वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली ह्या वाढीव मार्गाला मंजुरी दिली, मिळून पावणेतेरा किलोमीटर आणि १३ स्टेशनं. स्वारगेट ते कात्रज अंडरग्राउंड आहे, पिंपरी ते निगडी आहे. आणि हिंजवडी-शिवाजीनगर तिसरी लाइन, २३ किलोमीटर, २३ स्टेशनं. माझा मावसभाऊ हिंजवडी फेज थ्रीला आहे, त्याने त्या लाइनचे खांब उगवल्यापासून बघितलेत, त्याच्याकडून ट्रॅफिकवर रिव्ह्यू घेतला तर छापता येणार नाही. ह्या सगळ्या लाइन्सवर मी एकच गोष्ट बघणार आहे, स्टेशनच्या खाली काय आहे. तीनशे गाड्यांचं साधं पार्किंग, बस थांबायला बे, आणि अर्धा किलोमीटर सलग फुटपाथ. हे ड्रॉइंगमध्येच नसेल तर नंतर येत नाही, कारण नंतर तिथं वडापाव, मोबाईल कव्हर आणि चहाची टपरी आलेली असते आणि त्यांना हलवणं कोणाच्या बापाला जमत नाही.

कोणासाठी चांगली? घर आणि काम दोन्ही स्टेशनपासून किलोमीटरभरात असेल तर डोळे झाकून, गाडी विकली तरी चालेल. एक टोक जवळ आणि एक लांब असेल तर माझ्यासारखं, लांबच्या टोकाला गाडी आणि हेल्मेट मांडीवर. दोन्ही टोकं लांब असतील तर सध्या पावसाळ्यापुरती घ्या. सिंहगड रोड, हडपसर, वारजेवाल्यांनो, तुमच्यासाठी हा रिव्ह्यू नाही, सॉरी, खडकवासला-खराडी आणि नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग हे मार्ग मंजूर झालेत तेवढ्यावर सध्या समाधान.

शनिवार-रविवारी सगळ्यांना तिकिटावर ३० टक्के सूट असते, विद्यार्थ्यांना इतर दिवशीही. पहिल्यांदा जाणार असाल तर रविवारी सकाळी मंडईला जा, पिशवी घरून न्या, आणि येताना नऊ-साडेनऊच्या आत परत बसा, नंतर कोथिंबिरीच्या जुड्या सांभाळत उभं राहावं लागतं.